भोकाच्या पैशाचा चाकू

रिटायर झाल्यावर आमच्या शहाद्यातल्या बायका भजनी मंडळात जातात, मी जुने चाकू ओळखते. खिशात मावणारे, घडीचे. हे सांगितलं की माझी सख्खी बहीणसुद्धा पदर तोंडाला लावून हसते. हसू दे. शाळेत विज्ञान शिकवताना मुलांना कलम बांधून दाखवायची, तेव्हा एक जुना कलमाचा चाकू हाती आला आणि नाद लागला तो लागलाच. आता कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या ट्रंकेत चाकू सापडला की लोक म्हणतात, मॅडमला दाखवा.

आणि दाखवायला आणतात कसा? लख्ख घासून! खंडेनवमीला विळे, कोयते, नांगराचा फाळ असं सगळं घासूनपुसून पुजायचं. त्यात बिचारा चाकूही सापडतो. राख, चिंच, विटेची पूड, जे हाताला लागेल ते. वर्षानुवर्षं असं घासल्यावर पात्याच्या बुडाशी असलेला कंपनीचा शिक्का राहतोय कशाला? कपाळ माझं! मी आल्या माणसाला आधी दोन शब्द ऐकवते आणि मग चहा देते.

गेल्या थंडीत कळसाडी गावचे एक आबा आले, सुनेच्या स्कूटीवर मागे बसून. ऐंशीच्या घरातले. डोक्याला मफलर, पायात सुनेनंच आणलेले पांढरे बूट. रुमालात गुंडाळलेला चाकू टेबलावर ठेवला आणि म्हणाले,

"ताई, हाऊ चाकू मन्हा बापना शे का नई, एवढंच सांगा."

त्यांच्या बोलण्यातलं राहिलेलं सुनेनं पुरं केलं. आबांचे वडील कामासाठी सुरतेकडे गेले ते परत आलेच नाहीत. आबा तेव्हा झोळीत होते. पुढे सात-आठ वर्षांचे झाले तेव्हा आईनं हा चाकू हातात ठेवला आणि सांगितलं, तुझ्या बापानं तुझ्यासाठी पाठवलाय. तो चाकू आबांनी आयुष्यभर खिशात बाळगला. दिवाळीनंतर मोठा भाऊ वारला. जायच्या आधी बोलता बोलता बोलून गेला, की बापानं कधी काही पाठवलं नाही, आईच खापर गावच्या बाजारातून घेऊन आली होती. तेव्हापासून आबांना अन्न गोड लागेना.

"मॅडम, एकदाचं काय ते कळलं पाहिजे," सून म्हणाली. "रोज उशाशी घेऊन बसतात."

मी चाकू उचलला आणि नखानं पातं उघडायला गेले, तर उघडेना. नख नुसतं घसरत होतं. गंजला असेल म्हणून मी आबांकडे दिला. त्यांनी एका झटक्यात उघडून दिला. मला जरा राग आला, स्वतःचाच. एवढी चाकूवाली बाई मी!

पातं उन्हात तिरपं धरलं. शिक्का नव्हता, आणि घासून गेला असंही नव्हतं. तो कधी मारलाच नव्हता. बुडाशी बारीक तिरक्या रेघा दिसल्या, कानशीच्या दात्यांच्या. म्हणजे लोहारानं झिजलेली कानस ठोकून पातं केलेलं. मूठ शिसवीची. आणि पातं जिथे फिरतं तिथल्या खिळ्याखाली वॉशर म्हणून चक्क भोकाचा पैसा बसवलेला! दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी निघालेला तो तांब्याचा मधोमध भोक असलेला पैसा. चलनात असल्यापासूनच लोहार, सायकलवाले सगळे वॉशर म्हणून तो वापरायचे. म्हणजे चाकू त्या युद्धाच्या आधीचा नाही. मला इतका आनंद झाला की काय बोलतेय याचं भान राहिलं नाही.

"आबा, हा तुमच्याच वयाचा आहे! सुरतेला कुण्या लोहाराकडून करून घेतला असेल वडिलांनी, का नाही?"

आबांचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं चला, आजचा दिवस कारणी लागला. सुनेनं डोळे पुसले. मी तोऱ्यात चाकू मिटला, पुन्हा उघडायला गेले, आणि पुन्हा नख घसरलं.

मग चष्मा लावून नीट पाहिलं. पातं उघडायला जी नखाची खाच असते, ती या चाकूला होती, पण सगळ्या चाकूंना असते त्याच्या उलट बाजूला. चुकून नाही, कानशीनं जपून काढलेली, एकुलती एक खाच. मी आबांना म्हटलं, परत उघडा बरं. त्यांनी चाकू उजव्या हातात धरला आणि डाव्या अंगठ्याच्या नखानं उघडला.

"आबा, तुम्ही डावरे?"

"लहानपणपासून," ते म्हणाले. "शाळेत मार खाल्ला त्याच्यापायी."

झोळीतलं पोर डावरं निघणार हे सुरतेला गेलेल्या माणसाला कोण सांगणार? गप्प बसता आलं असतं. पण आधीच जीभ सैल सोडून मी म्हाताऱ्याला आशेला लावलं होतं, आणि ते खरं विचारायला आले होते. मी खाच दाखवली आणि सांगितलं, "हा पाठवलेला नाही, आबा. तुम्हाला रोज जेवताना बघणाऱ्या माणसानं हा लोहाराला सांगून करून घेतलाय. माझा पोरगा डावरा आहे, त्याला उघडता येईल असा कर म्हणून."

आबा बराच वेळ खाचेवरून अंगठा फिरवत राहिले. सून काही बोलायला गेली, त्यांनी हातानं थांबवलं. मला वाटलं बापासाठी रडतील. ते माझ्याकडे बघून म्हणाले,

"मन्ही मायले मी ह्या चाकूले कधी हात बी लावू दिधा नई."

मग त्यांनी सांगितलं, की आई थकली होती, तोंडात दात नव्हते, आणि तिला पेरू फार आवडायचा. एकदा पेरू घेऊन तिनं चाकू मागितला. आबा म्हणाले, बापाची वस्तू आहे, तू खराब करशील. ती बरं म्हणाली, आणि उठून विळी घेऊन बसली.