वाडीतल्या तरुणांची ॲम्ब्युलन्स

लिहायला बसलोय खरा, पण संकोच वाटतो, माफ करा. संस्थानच्या फौजेतून पोलिसात आलेलं आमचं घराणं. कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि पोलीस डायरीपलीकडे काही लिहिलेलं नाही. तरी बडोद्यातली ती घटना अजून मनातून जात नाही.

शहराभोवती कारखाने भराभर वाढत होते, त्या काळात मी फौजदार होतो. खबऱ्याने टीप दिली: बडोद्याच्या वाडी भागातल्या एका गल्लीत ट्रस्टची ॲम्ब्युलन्स सारखी येते आणि पेशंट असतात धडधाकट तरुण. गुजरातेत दारूबंदी. आम्हाला वाटलं, गाडीतून दारू फिरतेय.

एका संध्याकाळी गाडी अडवली. आत बाटली नव्हती. स्ट्रेचरवर एक मुलगा होता, शुद्ध हरपत चाललेला. सोबतच्या जमादारांनी सवयीने त्याचं तोंड हुंगलं आणि मान हलवली. दारू नव्हती. गाडी तातडीने दवाखान्यात पाठवली आणि त्याच्या खोलीतल्या सोबत्याला ठाण्यात आणलं.

"रिक्षाने का नाही नेलंस?"

"कोण नेतो, साहेब? म्हाताऱ्याला लगेच बसवतात. जवान माणूस झोकांड्या खाताना दिसला की रिक्षावाला म्हणतो, 'पीधेलो छे, पोलीसना लफडामां नथी पडवुं.' म्हणजे प्यायलेला आहे, पोलिसांच्या लफड्यात पडायचं नाही. आणि इथं आमच्या घरचं कोणी नाही."

जमादार हसले. "म्हणजे आपल्याच धाकाने ॲम्ब्युलन्सचे फोन वाढलेत, साहेब."

सोबत्याच्या शर्टाला रॉकेलसारखा उग्र वास होता. कुठे काम करतोस, विचारलं.

"बोललो तर काम जाईल."

"आणि तो गेला तर?"

मग तो बोलला. कोयलीच्या रिफायनरीच्या बाजूला एका ठेकेदाराकडे तेलाच्या टाक्यांत उतरून त्या धुण्याचं काम. तोंडाला साधा रुमाल. आतल्या वाफेने चक्कर आली की ठेकेदार घरी पाठवायचा. माणूस खोलीत येऊन कोसळायचा, कामावर नाही. गल्लीतल्या बाकीच्यांचे जबाब घेतले. सगळे त्याच टाक्यांत उतरलेले.

ठेकेदार ठाण्यात ऐटीत म्हणाला, "आजकालची पोरं नाजूक झाली, साहेब."

"मग उद्या तुम्ही उतरा," मी म्हटलं. गुन्हा दाखल झाला. रिक्षा स्टँडवर मी स्वतः सांगून आलो, पेशंट आणणाऱ्याला ठाण्यात कोणी अडकवणार नाही.

बक्षिसं पुढे बरीच मिळाली, पण अभिमान वाटतो तो या तपासाचा. तरुण माणूस पडला की लोक आधी त्याचा दोष शोधतात. पोलिसाने आधी त्याचं काम विचारावं, एवढं मी शिकलो.

माझी बदली झाली तेव्हा मुलगा दवाखान्यातच होता. पुढे बरेच महिने काही कळलं नाही. मग एक दिवस जमादारांचा फोन आला.

"साहेब, ठेकेदाराला शिक्षा झाली. पोरानं स्वतः साक्ष दिली. न्यायाधीशांनी खुर्ची देऊ केली, तर म्हणाला, उभा राहूनच सांगतो."