शून्य सर

आमचे तत्त्वज्ञानाचे सर 'मी' हा शब्द वापरत नसत. तहान लागली की म्हणत, "पाणी हवं आहे." आजारी असले तर, "आज अंगात ताप आहे." कुणी विचारलंच, तर हसून सांगत, "'मी' आहे हे आधी सिद्ध होऊ दे, मग वापरू." महाडच्या आमच्या कॉलेजात त्यांचं नावच शून्य सर पडलं होतं. बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतलेले आम्ही मोजून पाच जण.

शेवटच्या वर्षी आत्म्याचा धडा चालू असताना त्यांनी आम्हाला डोळे मिटायला लावले. "विचार येतोय, तो दिसतोय. पाहणारा कोण, ते शोधा." थोड्या वेळाने आम्ही डोळे उघडले, सुनंदाने उघडले नाहीत. पोलादपूरच्या वरच्या वाडीतली, वर्गातली सगळ्यात बडबडी मुलगी. गालांवरून पाणी वाहत होतं.

"सर, आत कोण नाय हाय," ती म्हणाली. आवाज तिचा वाटत नव्हता.

त्यानंतर ती कॉलेजला आलीच नाही. शेवटी सर मला घेऊन तिच्या वाडीवर गेले. भर दुपारी धुकं दाटलं होतं. सुनंदा उंबऱ्यात बसलेली. वासरू तिचा हात चाटत होतं आणि तो हात तिचा नसावा तसा नुसता लोंबत होता.

तिची आई मला म्हणाली, "जेव म्हटलं की जेवते, उठ म्हटलं की उठते. पन माजी पोर घरात नाय गो."

सर सुनंदासमोर जमिनीवर बसले. बारीक आवाजात म्हणाले, "सुनंदा, मी चुकलो. मी फार घाबरलोय."

त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. सुनंदाने हात झटकन मागे घेतला. "सर? कधी आलात?" आणि आत वळून, "आये, च्या ठेव गो!" आई पदरात तोंड घालून रडायला लागली.

उतरताना सर माझ्या मागून येत होते. त्यांच्या पावलांचा आवाज येईना, म्हणून मी सारखी वळून बघत होते. प्रत्येक वेळी ते होते.

सुनंदा पास झाली, आता पोलादपूरला शाळेत शिकवते, बडबड तशीच. सरांनी मात्र त्याच वर्षी नोकरी सोडली.

परवा महाडच्या एसटी स्टँडवर ते बाकावर बसलेले दिसले. मी आनंदाने ओरडले, "सर!" त्यांनी मागे वळून पाहिलं, मी कुणाला हाक मारतेय ते. मागे भिंत होती. मग मी उभीच आहे असं पाहून, जागचे न हलता, स्वतःच्याच जागेकडे हात करून, ते अगदी अदबीने म्हणाले, "बसा ना. इथं कोणी बसलेलं नाही."