एक नंबर

आदिलाबादच्या त्या ऑफिसात माझं काम एवढंच होतं. मराठी माध्यमाच्या शाळांतून कॉम्प्युटरच्या तक्रारी आल्या की नोंदवायच्या, फोनवर जमेल तेवढं सांगायचं, नाहीतर माणूस पाठवायचा. तक्रार बंद केली की शाळेला आपोआप मेल जायचा: 'आमचं काम कसं वाटलं?' खाली एक ते पाच आकडे. मेलमधल्या आकड्यावरच बोट ठेवलं, की उत्तर माझ्या पडद्यावर हजर.

दुपारी शेजारच्या जिनिंग मिलमधला कापूस खिडकीतून तरंगत आत यायचा आणि मी मनानं त्या मेलमागे निघायची. इंद्रवेल्ली मागे टाकून, सागाच्या रानातून वळणं घेत नार्नूरकडे. जिथं नेटवर्क नाही तिथं मेल एखाद्या झाडाखाली बसून राहत असेल, असं मला खरंच वाटायचं. संध्याकाळी गुरुजी लोक डांबरी रस्त्याला लागले की उत्तरं थव्यानं यायची.

आणि सगळी एक. एक, एक, एक.

मला रडू यायचं. इतकं गोड बोलते, जीव तोडून काम करते, आणि हे लोक सगळ्यात खालचा आकडा दाबतात! हैदराबादच्या आमच्या मॅडम फोनवर म्हणाल्या, "आपके लोग कभी खुश नहीं होते क्या?" महिनाअखेरीला माझं कंत्राट वाढणार की नाही, ते याच आकड्यांवर होतं. अख्ख्या महिन्यात एकच पाच आला होता, नार्नूरकडच्या एका गुरुजींचा. त्याचा फोटो काढून मी आईला पाठवला होता.

एक दिवस तलमडुगूच्या एका शाळेतल्या बाईंचा नव्या तक्रारीसाठी फोन आला. त्यांनीही मागच्या आठवड्यात एकच दिला होता. माझा ताबा सुटला.

"बाई, तुमचा प्रिंटर एका दिवसात चालू करून देल्ला, तरी एकच काऊन?"

"मंग काय दोन देऊ?" बाई चाटच पडल्या. "एक नंबर काम केलं तुमी, म्हनून एक नंबर देल्ला!"

मी हसत सुटले. पोरांचे पहिले-दुसरे नंबर काढण्यात आयुष्य गेलेली माणसं ती, त्यांना पाच मोठा कसा वाटणार? मॅडमना कळवलं. त्यांनीही हसून आकडे उलटे धरायचं कबूल केलं. माझी नोकरी वाचल्यातच जमा होती. त्या दुपारी खिडकीतून कापूस आला, तो कोणी माझ्यावर उधळतंय असं वाटलं.

मग तो पाच आठवला.

तक्रार काढून पाहिली. कॉम्प्युटर सुरू होत नव्हता. 'वायर काढून परत लावा' एवढं सांगून मी ती बंद केली होती. भीत भीत गुरुजींना फोन लावला.

"गुरुजी, तो चालू झाला होता ना?"

"नाही, बाई."

"मंग परत फोन काऊन नाही केला?"

"पाच नंबर देल्ला ना. म्हनलं, समजून घ्यान तुमी." मग म्हणाले, "पोरी रोज पुसून ठेवून राह्यल्या त्याले."

मला तोंड लपवावंसं वाटलं. बंद केलेली तक्रार पुन्हा उघडली की आपल्या नावापुढे लाल खूण पडते, आणि महिना संपायला चारच दिवस होते. मी ती उघडली. उद्या माणूस येतो, म्हणून गुरुजींना सांगितलं.

नंतर आईला फोन करून म्हटलं, तो फोटो पुसून टाक.

"काऊन वं? चांगला पाच होता ना?"

"शेवटचा नंबर होता, आई."