रुमाल टाकून धरलेली जागा

केजच्या स्टँडवर पुण्याची एसटी लागली की माणसं दाराकडे धावत नाहीत, आधी खिडक्यांकडे धावतात. बारावीनंतर मी पुण्याला निघाले त्या सकाळी आप्पाही, म्हणजे माझे वडील, तसेच धावले. गाडी पुरती थांबायच्या आत त्यांनी खांद्यावरचा टॉवेल खिडकीतून आत टाकला आणि मग मला दारातल्या गर्दीत ढकललं. मी धापा टाकत पोचले तर सीटवर टॉवेल पडलेला आणि शेजारी एक आडमाप माणूस त्याच्याकडे बघत नुसता उभा. बसला नव्हता. ज्याने रुमाल टाकला त्याची जागा झाली, एवढं आमच्याकडे सगळे मानतात. भांडणं होतात ती कोणाचा रुमाल आधी पडला यावरून.

आप्पा खिडकीखाली येऊन उभे राहिले. "बसलीस का नीट?" असं त्यांनी दोनदा विचारलं. आई घरीच थांबली होती. लेक निघताना डोळ्यांत पाणी आणू नये असं तिचं म्हणणं होतं आणि ते तिला जमणार नव्हतं. गाडी हलली, टॉवेल परत द्यायचा राहून गेला. आमची पिठाची गिरणी होती, त्यामुळे त्या टॉवेलाला ज्वारीच्या पिठाचा वास होता. पुण्याच्या होस्टेलवर मी तो बरेच महिने धुतला नाही.

तुमच्यातले जे गावातच राहिले त्यांना यात नवीन काही वाटणार नाही, आणि जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांच्याकडे असं काहीतरी न धुतलेलं असेलच. मी पुण्याहून पुढे बेंगळुरूला गेले, नवऱ्याच्या नोकरीमुळे. इथे जागा ॲपवर धरतात. जेवायला जायचं तर टेबल बुक करायचं, डॉक्टरकडे जायचं तर स्लॉट घ्यायचा, भेटायला यायचं असेल तर शेजारीण आधी मेसेज टाकते. लोक चांगले आहेत, तक्रार करायला जागा नाही. तरी संध्याकाळी लिफ्टमधून वर जाताना कधी कधी इतका शीण येतो की वाटतं, दिवसभर मी कुणाच्या तरी सीटवर अर्धी टेकून बसले होते.

काम म्हणाल तर मी लहान मुलांसाठी चित्रांची पुस्तकं लिहिते. विषय एकच, मैत्री. पोहायला घाबरणारा बेडूक आणि उडायचा कंटाळा असलेला पोपट. चष्मेवाली घार. व्हीलचेअरवरची मुलगी आणि सतत पळणारी तिची मैत्रीण. आपण वेगळे असलो तरी एकमेकांचे आहोत, हे मी इतक्या जनावरांच्या तोंडून वदवलंय की आता तसं वाक्य टाइप करताना जांभई येते. ते खोटं आहे असं नाही. पण शेवटच्या पानावर दर वेळी मिठी आली की आपण हलवायाच्या दुकानात कामाला आहोत असं वाटायला लागतं. साखर नकोशी होते आणि हात मात्र चालत राहतात.

आमच्या मालिकेची संपादक मीरा. मनाने प्रेमळ, डेडलाइनच्या बाबतीत कडक. गेल्या वर्षी ती म्हणाली की जनावरं पुरे, आता तुझ्या गावाकडचं काहीतरी लिही, दोन वेगळ्या मुलींचं. मला दुसरं कोण सुचणार? मी सुरेखाचं लिहिलं.

सुरेखा आणि मी गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत एका पट्टीवर बसायचो. दिसायला आमच्यात काहीच वेगळं नव्हतं. दोघी सावळ्या, दोघींच्या वेण्या लाल रिबिनींनी बांधलेल्या, दोघींची नाकं बारा महिने वाहणारी. फरक दसऱ्यानंतर कळायचा. तिचे आईवडील ऊस तोडायला सांगली-कोल्हापूरकडे जायचे आणि ती त्यांच्याबरोबर जायची. आम्ही कुठेच जायचो नाही. अर्धा गाव ट्रकमधून निघून गेला की आप्पांच्या गिरणीत डबे येईनासे व्हायचे. दुपारी गिरणीचा पट्टा थांबलेला असायचा आणि आप्पा उंबऱ्यात बसून रस्त्याकडे बघत राहायचे.

पहिल्या वर्षी ती गेली तेव्हा मी आप्पांचा रुमाल शाळेत नेला आणि माझ्या शेजारी पट्टीवर पसरला. गुरुजींनी विचारलं, हे काय? मी म्हणाले, सुरेखाची जागा धरलीय. वर्ग हसला. एसटीत चालतं ते शाळेत का चालू नये, हे मला अजूनही नीट कळलेलं नाही. गुरुजींनी टोपी सारखी केली आणि फळ्याकडे वळले. मी रोज सकाळी रुमाल पसरायचे, सुटताना घडी करायचे. पाडव्याच्या सुमारास सुरेखा परत आली. अंगाला गुळाचा आणि धुराचा वास, बोलण्यात तिकडचे शब्द, आणि पाढे साफ विसरलेली. रुमालाकडे बघून म्हणाली, "आगं, मी काय पळून गेलते का?" आणि त्याच्यावरच बसली.

पुढच्या वर्षी ती निघायच्या आधी मी आप्पांच्या मागे लागले की सुरेखाला आपल्याकडे ठेवून घेऊ. मी रडून घर डोक्यावर घेतलं होतं. आप्पा एवढंच म्हणाले, "ती काय जोंधळ्याचं पोतं हाय का, ठिवून घ्यायला?" मला तेव्हा त्यांचा फार राग आला. सुरेखा जात राहिली, येत राहिली, दर वर्षी थोडी मागे पडत गेली, आणि नववीत तिचं लग्न झालं. टोळीत एकट्या माणसाला कोणी घेत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, म्हणून सासरच्यांना घाई होती. मी पुण्याला गेले तेव्हा तिला ऊसतोडीची सवयही झाली होती.

पुस्तकात मी तिचं लग्न घेतलं नाही, पाच वर्षांच्या मुलांना ते कुठे सांगणार. डाव्या पानावर एक मुलगी शाळेत, शेजारी रुमाल. उजव्या पानावर दुसरी उसाच्या फडात, धाकट्या भावाला कडेवर घेऊन. शेवटी दुसरी परत येते आणि रुमालावर बसते. मीराला ते आवडलं, पण तिने विचारलं, मग पुढच्या वर्षी? मी म्हणाले, पुढच्या वर्षी परत जाते. मीरा म्हणाली, नाही गं, हे लोक मुलांना झोपवताना वाचतात. ती मैत्रिणीच्या घरी राहते असं करू, खरी मैत्री तीच ना. चित्रकाराने लगेच नवं शेवटचं पान पाठवलं. लिंबाच्या झाडाखाली दोघी, गळ्यात गळे. मी हो म्हणाले. दमले होते हे एक कारण, पण लहानपणी रडून जे मिळालं नव्हतं ते कागदावर तरी मिळतंय म्हणून बरंही वाटलं होतं. छापायला जायच्या आधीची प्रत मी बॅगेत घातली आणि दसऱ्याला गावी गेले.

आप्पा आता नाहीत. गिरणी बंद आहे, आई एकटी असते. सुरेखा नांदायला आमच्याच गावात, चार घरं पलीकडे. तिची टोळी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणार होती आणि तिच्या घरात एकच विषय चालू होता. तिची कोमल दुसरीत गेली होती. माझी आई म्हणत होती की पोरीला माझ्याकडे ठेव, शाळा बुडवू नको, मलाही सोबत होईल. सुरेखाच्या मनात होतं. कोमल मात्र ऐकायला तयार नव्हती. तिने दोन दिवस जेवणच टाकलं होतं, आणि असंच चाललं तर न्यावं लागेल असं तिचा बाप म्हणायला लागला होता.

सुरेखा आमच्या ओट्यावर येऊन बसली. उन्हाने आणि कामाने ती माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी दिसते. पदराने तोंड पुसून म्हणाली, "वैशे, तू लेकराईची पुस्तकं लिव्हतीस. तूच सांग तिला. मला जमलं न्हाई साळंत बसायला, तिला तरी बसू दे." मला इतकं मोठं काम आजवर कोणत्याही संपादकाने दिलेलं नव्हतं. मी बॅगेतून पुस्तक काढलं.

आम्ही तिच्या घरी गेलो. सुरेखा तिथे गाठोडी बांधायला बसली. भांडी, ताडपत्री, पिठाचा डबा, तिच्या धाकट्या पोराचं, बारक्याचं, दुपटं. मी कोमलला शेजारी घेऊन वाचायला लागले. रुमाल बघून ती हसली. उसाच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाली, ही माझी आई हाय का? मी हो म्हणाले. तिने सुरेखाकडे वळून बघितलं, मग पुन्हा चित्राकडे. तिला ते खरं वाटलं की नाही कोण जाणे. शेवटच्या पानावर लिंबाखालच्या दोघी आल्या, आणि मी सरावाच्या आवाजात वाचलं की मग ती कधीच गेली नाही, मैत्रिणीच्या घरी आनंदाने राहिली.

कोमलने पुस्तक स्वतःकडे ओढून घेतलं. मग म्हणाली, "मावशी, मग हिची आई एकलीच गेली?"

लगेच तिने मागचं पान उलटून कडेवरच्या बाळावर बोट ठेवलं. "आन् ह्याला कोण घेतंय?"

त्याचं उत्तर पुस्तकात नव्हतं. मीराने विचारलं नव्हतं, चित्रकाराने विचारलं नव्हतं, आणि मी तर सुरेखाची जागा धरून बसलेली पोर, माझ्या डोक्यात शाळेतलीच जागा होती. पानावर लिंबाच्या मागे नुसता रस्ता काढलेला होता. मागे गाठोड्याची गाठ आवळता आवळता सुरेखाचे हात थांबले. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला. मी कोमलला जवळ घेतलं आणि सांगितलं की मला माहीत नाही. ती म्हणाली, आईला रातच्याला माझ्याबिगर झोप येत न्हाई. सुरेखा तिकडे तोंड करूनच म्हणाली की येईल, मी शिकते झोपायला. त्या संध्याकाळी कोमलने भाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारुतीच्या पारापाशी ट्रक लागला. बायाबाप्ये, कोंबड्या, लाकडं, हंडे, सगळं त्यात चढत होतं. सुरेखा बारक्याला घेऊन मागच्या फाळक्याजवळच्या कोपऱ्यात बसली. कोमल आईचा, म्हणजे माझ्या आईचा, हात धरून उभी होती. ती रडेल म्हणून आम्ही सगळे धास्तावलेले. ती रडली नाही. हात सोडवून चाकावर पाय देऊन वर चढली, शाळेच्या फ्रॉकच्या खिशातून रुमाल काढला आणि सुरेखाच्या शेजारी फळीवर नीट पसरला, चारी टोकं ओढून. मग सगळ्या ट्रकाला ऐकू जाईल अशी म्हणाली, "हितं कुणी बसायचं न्हाई. माझी जागा हाय."

तिथे पाय ठेवायलाही जागा नव्हती. एका म्हाताऱ्याने रुमालाला लागूनच गाठोडं टेकवलं होतं. त्याने ते उचलून मांडीवर घेतलं. कोणी हसलं नाही. कोमल खाली उतरली, माझ्या आईचा हात पुन्हा धरला, आणि ट्रक वळणापर्यंत जाताना सुरेखाचा एक हात त्या रुमालावर होता एवढं मला दिसलं. मग मात्र मी रडले. कोमलने माझ्याकडे बघून विचारलं, "मावशी, तू कावून रडायलीस?"

बेंगळुरूला आल्यावर मी पुस्तकातलं लिंबाचं पान काढून टाकलं आणि त्या जागी ट्रक लिहिला. मीराने फोन केला. म्हणाली, यात मिठी नाही. मी म्हणाले, नाही. म्हणाली, विचार करते. अजून करतेय. एरवी मी दुसऱ्या दिवशी तीन पर्याय पाठवले असते, या वेळी एकही पाठवला नाही. हा ताठा आहे की थकवा, मला सांगता येणार नाही. पुस्तक नाही निघालं तर वाईट वाटेल, पण लिंब परत लावणार नाही.

परवा दुपारी फडावरून सुरेखाचा फोन आला. मी आधी रुमालाचं विचारलं. ती हसली, बऱ्याच दिवसांनी ऐकलं तिचं हसू. म्हणाली, तो रुमाल पहिल्याच दिवशी बारक्याचं नाक पुसायला गेला, कुठं पडला देवाला ठाऊक. मग जरा थांबून म्हणाली, "पर तिला सांगू नको. ती फोनवर रोज इचारती, मी हाय म्हणती. जागा तर हायेच की. तिकडं कूस करूनच झोपती मी."

नंतर मी आईला फोन लावला. कोमल शाळेत गेली होती. आई खुशीत होती, पोरीच्या वेण्या, पोरीचे पाढे, पोरीची खोडी असं सांगत सुटली होती. मला उगीच, या वयात, थोडा हेवा वाटला. घर म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे आईच्या अंथरुणाशेजारची भिंतीकडची जागा येते, आणि इतकी वर्षं ती तशीच मोकळी आहे असं मी धरून चालले होते. आप्पांचा टॉवेल माझ्या कपाटात आहे. त्याचा वास कधीच गेला. मी विचारलं, आई, माझ्या जागी कोण झोपतं गं?

"कोमल झोपती," आई म्हणाली. "तू आलीस की सरकंल."