कौदीचा घास

"भाकरी! कौदीत भाकरी कोण घालतं, टीचर? सांगा की! ही कौदी आहे का जेवणाचा डबा?"

मुलींच्या वसतिगृहाच्या मॅडम अंगणात उभ्या राहून ओरडत होत्या. त्यांच्या चिमटीत आमच्या एका कौदीचं टोक होतं, आणि पायरीपाशी एक उंदीर मरून पडला होता. मांजराएवढा. मी वाढवून सांगते असं सगळं धारवाड म्हणतं, तेव्हा मांजराच्या पिल्लाएवढा म्हणू. त्याखाली मी उतरणार नाही.

मॅडम ओरडत होत्या कन्नडमध्ये. मी लिहिते आहे मराठीत, त्यामुळे निम्मा जोर वाटेतच सांडला. उरलेला निम्माही बेळगावपर्यंत पोचावा असा होता.

"अय्यो देवरे, आख्खी खोली पोखरली हो उंदरांनी! फोन केला म्हणून आलात, नाहीतर मी सगळ्या जाळणार होते."

आलो होतो आम्ही दोघी, मी आणि अक्का. सुभाष रोडवर एका कापडाच्या दुकानाच्या माडीवर दर मंगळवारी दुपारी आम्ही काही बायका जमतो, जुन्या साड्या-धोतरं एकावर एक अंथरतो आणि धावदोरा घालून कौद्या शिवतो. पुण्याकडे हिलाच गोधडी म्हणतात आणि निम्म्या जाडीची करतात. शिवलेल्या कौद्या वसतिगृहाला, वृद्धाश्रमाला अशाच देऊन टाकायच्या. अक्का आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या आणि कौदीतल्या हायकोर्ट. त्यांचा एक नियम होता: शेवटचा कोपरा शिवण्याआधी आत भाकरीचा एवढासा तुकडा ठेवायचा. कौदीचा घास. कौदी उपाशी राहिली तर पांघरणारं माणूस उपाशी उठतं म्हणे. घरोघरी हे चालत आलंय आणि कधी कुणाच्या घरी उंदीर आला नाही, कारण घरची कौदी रोज अंगावर येते, उन्हात पडते, धुण्यात आपटली जाते. त्या तुकड्याचं पीठ होऊन कधी उडून जातं, कळतही नाही.

मी पदर खोचला. हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवरच्या शाळेत मी उभा जन्म शिकवलंय. माझा आवाज वर्गातून निघाला की स्टेशनवरची गाडी दचकून वेळेवर सुटायची. "मॅडम," मी म्हटलं, "भाकरी जोंधळ्याची आहे, विषाची नाही! तुमच्याकडचे उंदीर एवढे माजले, त्याला आमची कौदी काय करणार? त्यांना काय हुबळीहून आमंत्रण धाडलं आम्ही?"

अक्का अंगणात फेकलेल्या कौद्यांच्या ढिगापाशी खाली बसल्या आणि एकेक उचलून बाजूला ठेवायला लागल्या. त्या काय शोधत होत्या ते मला ठाऊक होतं.

अक्कांची एकुलती एक मुलगी लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी काविळीनं गेली. सासरच्यांनी तिची पत्र्याची ट्रंक परत धाडली, आत सगळ्या साड्या, इस्त्रीच्या घड्या तशाच. ती ट्रंक वर्षानुवर्षं अक्कांच्या खाटेखाली होती. मग एका मंगळवारी त्यांनी ती रिक्षात घालून माडीवर आणली आणि कात्री मागितली.

"अक्का, एक तरी ठेवा हो," मी म्हटलं होतं.

"ठेवून काय करू? ट्रंकेत पडून राहण्यापेक्षा एखादं पोर तरी तिच्या पदराखाली झोपेल."

सगळ्या गेल्या. एकही ठेवली नाही. मधोमध इरकलीचा लाल पदर, भोवती बाकीच्यांच्या पट्ट्या, आणि टाके असे की मुंगीला रांगेत चालायला लाज वाटावी. घडी घालून उरलेल्या काठाच्या चिंधीनं बांधली, त्यावर अक्कांची ती डबल गाठ, आणि मी ती वसतिगृहात पोचवली.

तेव्हापासून दर मंगळवारी, सुईत दोरा घालायच्याही आधी, अक्का विचारत, "काय हो, तिची कौदी कुणाकडे आहे?"

आता मी कौद्या पोचवते म्हणजे ऑफिसात टाकते, चहा पिते आणि परत येते. मुली झोपतात त्या खोल्यांत आम्हाला कोण सोडतंय? पण 'माहीत नाही' हे दोन शब्द माझ्या तोंडातून जन्मात निघालेले नाहीत. म्हणून मी अक्कांना एक मुलगी दिली. कलघटगीकडची, नववीतली, महाहट्टी, दुसऱ्या कुणाला त्या कौदीला हात लावू न देणारी. पुढच्या मंगळवारी तिला दोन वेण्या दिल्या. थंडीत तिला ताप आणला आणि त्याच कौदीत घाम आणून उतरवला. दहावीत तिला एवढे मार्क दिले की बोर्डानं तोंड लपवावं. अक्का ऐकत आणि टाका घालत. एकदा त्यांनी तिच्यासाठी शेंगदाण्याचे लाडू करून दिले. ते मी आणि रिक्षावाल्यानं बसस्टँडच्या अलीकडेच संपवले. दुसऱ्या दिवशी सांगितलं, पोरगी म्हणाली, गूळ थोडा कमी पडला. अक्का केवढ्या हसल्या! "खरंच कमी होता हो," म्हणाल्या.

आणि आता अंगणात, ढिगाच्या अगदी तळाशी, त्यांना ती सापडली.

चिंधी तशीच होती. गाठही तशीच, अक्कांनी घातलेली. दिल्या दिवसापासून कुणी सोडलीच नव्हती.

मॅडमचा आवाज आपोआप खाली आला. बाई वाईट नव्हती. "काय करू सांगा, अक्का," ती म्हणाली. "तुमची कौदी एकदा भिजली की उचलायला दोन माणसं लागतात, आणि पावसाळ्यात आठ-आठ दिवस वाळत नाही. बेलूरच्या एका कारखान्यानं ब्लँकेटं दिली, सगळी एका रंगाची. तपासणीला आलेले लोक खाटांची रांग बघून खूश होतात. मुलींनाही तीच आवडतात. तुम्ही एवढ्या प्रेमानं आणता, नको कसं म्हणायचं? म्हणून घेत होते आणि सामानाच्या खोलीत ठेवत होते."

"सगळ्याच?" अक्कांनी विचारलं.

"सगळ्याच."

म्हणजे आमच्या कौद्यांचा उपयोग फक्त उंदरांनी केला. आम्ही कुठे कुठे सुया टोचून घेतल्या, कुणाचा चष्मा जाड झाला, कुणाचे गुडघे गेले, कुणी बंगळूरला मुलाकडे जाऊन परत आली नाही, आणि इकडे कडीकुलपात आमचा घास खाऊन उंदरांच्या पिढ्या धष्टपुष्ट होत होत्या. वृद्धाश्रमातही आता असलीच ब्लँकेटं आलीत, ते मी मागच्या महिन्यात दारातूनच पाहिलं होतं. माडीवर सांगितलं नव्हतं, एवढंच.

अक्का गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "आणि मॅडम, ती कलघटगीची मुलगी? तिला खूप मार्क पडले होते ती."

"कुठली मुलगी?" मॅडम म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघायला लागल्या.

अक्काही माझ्याकडे बघायला लागल्या.

मला गोष्टी सुचल्या नाहीत असं नाही. पोरगी शिकून गेली आणि जाताना तिनं कौदी जशीच्या तशी बांधून ठेवली, ही सुचली. मॅडम नव्या आहेत, त्यांना काय ठाऊक, हीसुद्धा सुचली. पण ती गाठ समोर होती, आणि तिच्यापुढे माझी एकही गोष्ट उभी राहीना.

"बाकीच्या तुम्ही जाळा," अक्का मॅडमना म्हणाल्या. "ही मी नेते."

रिक्षात त्यांनी ती मांडीवर घेतली. गाठ त्यांनीच सोडली. घासाच्या कोपऱ्यापासून मधल्या लाल पदरापर्यंत उंदरांनी सरळ रस्ता काढला होता, महानगरपालिकेला जमणार नाही असा. पदराची जाळी झाली होती. हात लावला की लाल भुगा पडे आणि वाऱ्यानं रिक्षावाल्याच्या पाठीवर जाऊन बसे. एरवी मी या वाटेवर एवढी बोलते की रिक्षावाले भाडं कमी घेतात, लवकर उतरा म्हणून. त्या दिवशी त्यानंच दोनदा मागे वळून पाहिलं.

माडीवर दुसरं कुणी नव्हतं. अलीकडे मंगळवारीही नसतं. अक्कांनी कौदी जमिनीवर अंथरली आणि भोकाच्या कडेकडेनं हात फिरवत बसल्या. मला ते बघवेना, म्हणून मी तोंड उघडलं, आणि एकदा उघडल्यावर ते माझ्या ताब्यात कधी राहिलंय?

"अक्का, उठा!" मी म्हटलं. "त्यात काय एवढं? ठिगळ लावू! नाहीतर नवीच करू, हिच्या दुप्पट, इथून साधनकेरीच्या तळ्यापर्यंत अंथरता येईल एवढी! मी दोरा आणते, खालून अस्तर आणते, आत्ता आणते. अशीच करू, अगदी हिच्यासारखी. काय म्हणता?"

अक्कांनी कौदीची घडी घातली.

"साड्या संपल्या," त्या म्हणाल्या.