धुरावर टांगलेली पर्स

बेळगावच्या दवाखान्यात माझी बायको सुशीला माझ्याशी शेवटचं नीट बोलली, ते पर्सबद्दल. मुलीबद्दल काही सांगेल, निदान घराच्या किल्ल्यांबद्दल तरी, असं मला वाटत होतं. पण ती म्हणाली, "अहो, पाऊस लागलाय. पर्स काढून वाऱ्यावर ठेवा. उन्हात नगं, चामडं तडकतंय." मी व्हय म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली... रामनगरला घरी आल्यावर माणसं जमायच्या आधी मी खरोखरच कपाट उघडलं आणि ती पर्स ओसरीवरच्या खुर्चीत ठेवली. येणाऱ्यांना ते विचित्र दिसलं असेल.

पर्स आमच्या रेखाने आणलेली. एकुलती एक मुलगी माझ्या मनाविरुद्ध नोकरीला बेंगळूरला गेली म्हणून मी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. काही वर्षांनी ती पहिल्यांदा घरी आली ती ही तांबूस, मऊ चामड्याची, मोठ्या कंपनीची पर्स घेऊन. आईच्या मांडीवर ठेवून म्हणाली, "स्वतःला घ्यायच्या आधी तुला घेतली." मग तिने मला नमस्कार केला आणि मी "जेवलीस काय?" एवढंच विचारलं. तेवढ्यावर बापलेकीचं बोलणं पुन्हा सुरू झालं. सुशीला ती पर्स घेऊन उळवीच्या जत्रेला गेली. आत एक रुमाल आणि बसचं तिकीट, पण चालण्यात फरक पडला होता.

आमच्या जोयडा तालुक्याच्या पावसात काहीच कोरडं राहत नाही. चपलांना बुरशी, भिंतींना बुरशी. म्हणून जपायची वस्तू चुलीवर टांगलेल्या बांबूच्या ताटीवर जाते... बियाणं, आमसुलं, सुकी मासळी, नवी सुपं. धूर लागला की कीड नाही, बुरशी नाही. त्या श्रावणात सुशीला बहिणीच्या आजारपणासाठी खानापूरला माहेरी राहिली होती. पर्सवर पांढरे ठिपके दिसले, तेव्हा मी मोठ्या काळजीने ती ताटीवर बियाण्याशेजारी ठेवली आणि खाली जाळही जरा जास्तच घातला. चतुर्थीच्या तोंडावर सुशीला परतली, त्याच दिवशी रेखाही आली. पर्स खाली काढली तर पट्टा कडक होऊन तडकलेला आणि सगळ्या चामड्याला मासळीचा वास.

"हे कुणी केलं?" रेखाने विचारलं ते माझ्याकडेच बघत. बापाने मुद्दाम केलं असं तिला वाटेल, या भीतीने माझी जीभ उचलेना. तेवढ्यात सुशीला म्हणाली, "मीच ठेवली की गं. मला काय ठावं चामड्याचं?"

रेखा हिरमुसली. आईला भारी वस्तू देऊन उपयोग नाही म्हणाली, आणि पुढे आईसाठी नायलॉनच्या पिशव्याच आणू लागली. हळूहळू त्याची गंमत झाली. पाहुणे जमले की आईने पर्स कशी वाळवली ते निघायचंच. सुशीला सगळ्यांबरोबर हसायची. मी गप्प बसायचो, एवढी वर्षं गप्पच बसलो. तिने मला त्यावरून एकदाही टोचलं नाही. पर्स मात्र सोडली नाही. चामड्याला लावायचं मलम तिने बेळगावहून आणवलं. मऊ फडक्याने शिवणी पुसायची, पोट बसू नये म्हणून आत जुनं सुती लुगडं भरायची. वर्तमानपत्र नाही, त्याची शाई लागते. पट्ट्याने टांगायची नाही, प्लॅस्टिकमध्ये कोंडायची नाही, धुतलेल्या सुती पिशवीत घालून कपाटात मोकळी ठेवायची. पावसात थोड्या थोड्या दिवसांनी बाहेर काढायची.

बाराव्याला माणसं जेवून बसली होती. सुशीलाच्या थोरल्या जाऊबाईंनी, म्हणजे माझ्या वहिनींनी, मायेने तीच गोष्ट काढली. रेखा रडता रडता हसली आणि मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं, "तिनं न्हाई. मी टांगली होती."

रेखा म्हणाली, "मग आई एवढी वर्षं खोटं बोलली?"

"व्हय. माझ्यावर चिडून तू परत यायची थांबशील, याचं तिला भ्या होतं."

आता ही उठून जाईल आणि या घराकडे फिरकणार नाही, असं मला वाटलं. ती उठली, पण खुर्चीकडे गेली. पर्स मांडीवर घेतली, आतलं लुगडं काढलं, चामड्यावरून हात फिरवला. "आप्पा, हे एवढं मऊ कसं ठेवलंय तिनं? मला दाखवा." मी दाखवलं. एवढी वर्षं तिचं बघतच आलो होतो.

पर्स नेतेस काय, असं मी तिला विचारलं. नको म्हणाली, इथंच असू दे, मी येत जाईन. आणि ती येते. मागच्या खेपेला वहिनी जेवायला होत्या. मी रांधलेल्या ताटावर बसल्या बसल्या म्हणाल्या, "भाऊजी, आज आमटीत पर्स घातली न्हाई नव्हं?" सगळ्यांत मोठ्याने हसली ती रेखा. निघायच्या आधी तिने स्वतः मलम लावलं, लुगडं भरलं आणि पर्सला नाक लावून डोळे मिटले.

"मासळीचा गेला, आप्पा," ती म्हणाली. "धुराचा वास हाय अजून. तो मात्र घालवू नका."