दोनदा जाम झालेली क्वाड

गेल्या फेब्रुवारीतला दुसरा रविवार. टोकन रुपये दहा हजार, रोख. हजर माणसं चार: मी, गौरी परब, तिचे वडील परबदादा आणि अलिबागचे म्हात्रे. दहा हजार म्हात्र्यांच्या पाकिटातून दादांच्या शर्टाच्या खिशात गेले, तेव्हा गौरी माझ्या गाळ्याच्या दारात पाठमोरी उभी होती.

मधे लोखंडी स्टँडवर तिची क्वाड. चार जाड चाकं, मोटरसायकलसारखं हँडल, सीटखाली दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन. रस्त्यावर चालवायची ही गाडी नव्हे, वाळूत आणि मातीत पळवायची. गौरी दादरच्या एका क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. सहा दिवस लोकांचे गुडघे वाकवते आणि सातव्या दिवशी, जमेल तेव्हा, वाळूवर जाते. ही गाडी तिनं गोव्याहून सेकंडहँड आणली. तिच्या कमाईची ती पहिली मोठी खरेदी.

सहा महिन्यांत इंजिन दोनदा सीझ झालं होतं. सीझ होणं म्हणजे पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरला चिकटतो. इंजिन थांबतं, मागची चाकं जागच्या जागी धरतात आणि चालवणारा पुढे फेकला जातो. दुसऱ्या वेळी गौरी हातावर पडली. मनगटाचं प्लास्टर निघून महिनाही झाला नव्हता.

दादा म्हणाले, "सावंत, सौदा झालाय. एक लाख ऐंशी हजार. पण पोरगी ऐकत नाही. म्हणते, सावंतकाकांना एकदा बघू दे."

म्हात्र्यांचं किनाऱ्याजवळ रिसॉर्ट आहे. पर्यटकांना फिरवायला त्यांच्याकडे चार साध्या क्वाड आहेत, त्याही टू-स्ट्रोकच. ही पाचवी शौकाची. ते हसत म्हणाले, "मी तीन आठवडे थांबतो. माझ्याच वाळूवर या. सलग चाळीस मिनिटं पळाली तर टोकन परत घेतो. बसली तर तिथंच सोडून जा, परत नेण्याचा खर्च वाचेल!"

"मंजूर," गौरी म्हणाली. तोंड अजून बाहेरच होतं.

माझ्याविषयी थोडं. डिप्लोमा केला, सव्वीस वर्षं एका टूलरूममध्ये मापं मोजली, आता परळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एक गाळा आहे. काम फक्त टू-स्ट्रोकचं. ही इंजिनं आता रस्त्यावरून जवळजवळ गेली, पण ज्यांना त्यांचा नाद आहे ते माझ्याकडे येतात. बायको म्हणते, तुझ्या शर्टाला धुतल्यावरही धूर येतो. येत असेल. त्या निळसर, गोडूस वासात दिवस कसा जातो कळत नाही. दुपारी उन्हाची तिरपी पट्टी गाळ्यात येते, तिच्यात धूर हळूहळू फिरतो आणि माझ्या हातातलं मायक्रोमीटर क्षणभर विसरलं जातं.

इंजिन उघडलं. दोन्ही पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे. हे पेट्रोल कमी पडल्याचं लक्षण. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल जळतं तसं ते इंजिन थंडही ठेवतं. कमी पडलं की उष्णता वाढते.

पण स्पार्क प्लग काढले तर ते काळे, ओलसर, चिकट. हे नेमकं उलट लक्षण, पेट्रोल जास्त झाल्याचं. गौरीच्या आधीच्या मेकॅनिकनं प्लग पाहून कार्ब्युरेटरमधला जेट दोनदा लहान केला होता. जेट म्हणजे पितळेचा बारीक स्क्रू, मधे मोजून पाडलेलं भोक. त्यातून जाईल तेवढंच पेट्रोल इंजिनला मिळतं. नंबर मोठा तर भोक मोठं.

एकाच इंजिनात पेट्रोल कमीही आणि जास्तही? दोन दिवस मी हे डोक्यात घेऊन फिरलो. जेवताना बायकोनं विचारलं, "आमटीत मीठ कमी आहे का?" मी म्हणालो, "प्लग काळा आहे." तिनं पुन्हा विचारलं नाही.

काम मात्र थांबवलं नाही. सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून घासून गुळगुळीत करून घेतले, नवे पिस्टन घातले. एक्झॉस्टचे फुगीर पाइप बदलले. या पाइपांतून धुराची लाट मागे फिरते आणि निसटू पाहणारं पेट्रोल परत सिलिंडरमध्ये ढकलते. आजकालच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, त्याचा हिशेब धरून दोनशे ऐंशी नंबरचे मोठे जेट बसवले. हेडवर तापमानाचा मीटर लावला. पहिले दोन-तीन दिवस इंजिन नुसतं हळू चालवून रुळवलं.

टेस्टला आम्ही तिघं वडाळ्याला गेलो. माझ्या एका गिऱ्हाइकाचं ट्रकचं यार्ड आहे, रविवारी रिकामं असतं. मातीची लांब पट्टी, पलीकडे मिठागरांची सपाट जमीन. सकाळचं धुकं अजून उठलं नव्हतं. दूरवर पाण्यात एक फिकट गुलाबी रेघ दिसत होती. ती मधेच हलली तेव्हा कळलं की फ्लेमिंगो आहेत. गौरी हेल्मेट मांडीवर घेऊन ती रेघ बघत बसली. त्या वेळी गाडी सुरू करावी असं कुणालाच वाटेना.

मग मी माझ्या बाटलीतून दोन लिटर पेट्रोल टाकीत ओतलं. टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतात, वंगण म्हणून. माझं माप बत्तीस भाग पेट्रोलला एक भाग ऑइल.

पहिला राउंड सुंदर. आधी घोगरा आवाज, मग एका ठिकाणी पाइप काम करू लागतात आणि आवाज एकदम सूर सापडल्यासारखा उंच, स्वच्छ होतो. क्वाड धुक्यात शिरली, दिसेनाशी झाली, फक्त सूर राहिला. तो दूर जाऊन वळला आणि परत आला. मी मीटर बघायचं सोडून डोळे मिटून उभा होतो.

प्लग काढले. दूध घातलेल्या चहासारखा तपकिरी रंग. हवा होता तोच.

"झालं की मग!" गौरी म्हणाली. "बाबा, टाकी भरा."

दादांनी घरून पाच लिटरचा कॅन आणला होता. क्लिनिकमुळे गौरीला वेळ नसतो, म्हणून पेट्रोल आणणं, त्यात ऑइल मिसळणं हे सुरुवातीपासून त्यांचं खातं. त्यांनी कॅन कलता केला. एक थेंब सांडू दिला नाही.

दुसऱ्या राउंडला पाचव्या मिनिटाला सूर बदलला. कोरडा, कडक झाला. मागे निळा धूर दाट. मी दोन्ही हात हलवून गौरीला आत बोलावलं. मीटरचा काटा चांगलाच वर गेला होता. प्लग काढले, तर काळे, ओलसर, चिकट.

जेट तोच, हवा तीच, चालवणारी तीच. बदललं होतं फक्त टाकीतलं पेट्रोल.

"दादा, कॅनमध्ये ऑइल किती घातलंत?"

"तू सांगितलंस तेवढं. मापानं."

"आणि?"

"आणि वर थोडं."

"थोडं म्हणजे?"

"आता थोडं म्हणजे थोडं! सोन्याचं दुकान आहे काय?" दादा चिडले. चिडले की ते मालवणीवर येतात. "तेल कमी पडला की इंजिन बसता. ह्यां माका कोण शिकवतलो?"

दादांनी माझगावला गोदीत नोकरी केली, रोज लालबागहून स्कूटरवर. तेव्हा पंपावर पेट्रोल घेतलं की ऑइलच्या मशीनचा दट्ट्या दाबून घ्यायचा. गणपतीला गावी निघताना सगळे एक दट्ट्या जास्त मारून घेत. घाटात इंजिनला त्रास नको. माझे वडीलही तेच करायचे. जुनी स्कूटर ते निभावून न्यायची, कारण तिच्यात जेट मुळातच गरजेपेक्षा मोठा, सैल ठेवलेला असायचा. फार तर धूर व्हायचा आणि प्लग साफ करावा लागायचा. या क्वाडमध्ये तसं सैल काही नव्हतं.

गौरी हळू आवाजात म्हणाली, "बाबा, पहिल्यांदा बसली तेव्हा पण वर थोडं होतं?"

"होतं."

"आणि मग दुसऱ्यांदा?"

दादा कॅनचं झाकण लावत राहिले. ते केव्हाच लागलं होतं. "एकदा बसली म्हटल्यावर अजून वाढवलं. तू पडू नयेस म्हणून."

गौरीनं हातमोजा काढला आणि मनगट चोळत फ्लेमिंगोंकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ती बोलेल आणि पुढचं सगळं बिघडेल. ती एवढंच म्हणाली, "सावंतकाका, समजावून सांगा. त्यांना आणि मला पण."

मी सांगितलं. जेटच्या भोकातून ठरावीक वेळात ठरावीकच द्रव जातो. त्यात ऑइल वाढलं की तेवढी जागा पेट्रोलची गेली. शिवाय मिश्रण घट्ट होतं, भोकातून सावकाश उतरतं. म्हणजे ऑइल वाढवलं की इंजिनला पेट्रोल कमी. जास्तीचं ऑइल जळत नाही, प्लगवर चिकटतं आणि काळा प्लग बघून मेकॅनिक पेट्रोल आणखी कमी करतो.

"तोंडाची वाफ," दादा म्हणाले. "दाखव."

ते बरोबर होतं. मीही दुसऱ्याच्या शब्दावर मानलं नसतं. गाळ्यावर परतलो. सारख्या दोन प्लास्टिकच्या बाटल्यांच्या बुचांना भोक पाडून एकाच नंबरचे दोन जेट घट्ट बसवले. एकीत माझं मिश्रण, दुसरीत दादांच्या कॅनमधलं, दोन्हीत सारखं. वर हवेसाठी छिद्रं. खाली दोन मोजपात्रं. एकदम उलट्या केल्या.

उन्हाची पट्टी नेमकी टेबलावर होती. दोन बारीक धारा तिच्यात चमकत होत्या, एक फिकट, एक गडद. फिकट धार संपली. गडद अजून पडत होती. दादा खाली वाकून तिच्याकडे बघत होते, शेवटचा थेंब पडेपर्यंत.

"परत कर," ते म्हणाले.

मी दोन्ही बाटल्यांच्या जेटची अदलाबदल केली आणि परत करून पाहिलं. तेच झालं.

दादा स्टुलावर बसले. म्हणाले, "पुढच्या वेळी सावंत, पेट्रोल तू मिसळ. माझा हात वर जाईल."

"नाही," गौरी म्हणाली. "तुम्हीच मिसळायचं. माझ्यासमोर. आणि हात वर गेला तर मी हातावर मारीन."

"बापाला मारशील गो?"

"एकदाच."

त्यानंतरचा रविवार. क्वाड आदल्या दिवशीच टेम्पोनं अलिबागला गेली होती. आम्ही तिघं भाऊच्या धक्क्यावरून बोटीनं निघालो. पाणी संथ होतं, शहर मागे दुधी काचेतून दिसावं तसं विरत गेलं. दादा मांडीवर काचेचं मोजपात्र रुमालात गुंडाळून बसले होते. शेजारच्या एका प्रवाशानं विचारलं, "काय आहे हो आत?" दादा म्हणाले, "औषध."

म्हात्र्यांच्या सुरूच्या बनामागे त्यांच्या मालकीची वाळू. दादांनी ऑइल मोजलं. पात्र डोळ्यांच्या पातळीवर धरलं, रेघेवर आणलं, ओतलं. बाटलीचं बूच लगेच लावून ती म्हात्र्यांच्या हातात दिली. "ही तुमच्याकडे ठेवा. मी मागितली तरी देऊ नका."

गौरी निघाली. तो सूर सुरूंच्या आडून येत राहिला. जवळ आला की दाट, लांब गेला की एखादा मधमाश्यांचा थवा कुठेतरी फिरतोय असा. वाळूवर तिच्या चाकांची गोल नक्षी एकमेकींत मिसळत गेली. वाऱ्याला समुद्राचा वास होता आणि त्यात तो गोडूस धूर. म्हात्रे आधी घड्याळ बघत होते, मग तेही सोडलं. मला विचाराल तर चाळीस मिनिटं कधी उलटली हे आमच्यापैकी कुणीच पाहिलं नाही. गौरीच थांबली, पेट्रोल संपत आलं तेव्हा.

काटा जागेवर. प्लग तपकिरी.

"घ्या तुमचं टोकन," दादांनी दहा हजार म्हात्र्यांना दिले. म्हात्रे म्हणाले, "टोकन परत आलं, गाडी गेली, निदान सावंतशेट तरी राहू द्या. माझ्या चारही गाड्या धुरानं काळ्या झाल्यात." मी विचारलं, पेट्रोलमध्ये ऑइल कोण मिसळतं? ते म्हणाले, मीच.

त्या दिवसापासून सीझ झालेली गाडी घेऊन कुणी आलं की मी आधी इंजिन उघडत नाही. आधी विचारतो, पेट्रोल कोण मिसळतं, आणि त्याचं चालवणाऱ्यावर प्रेम किती आहे. निम्म्या वेळा कारण शोधायला पाना हातात घ्यावा लागत नाही.

माझं बिल गौरीनं दिलं. आधीच्या मेकॅनिककडे पिस्टन, रिंगा आणि मजुरी मिळून अडतीस हजार तिच्याच खिशातून गेले होते. दादांनी त्याविषयी माझ्यासमोर एक शब्द काढला नाही. पण मार्चपासून पेन्शन जमा झाली की ते दोन हजार काढतात आणि गौरीच्या हातात देतात. ती नको म्हणत नाही. मोजून घेते आणि पर्समध्ये ठेवते.